तांदळातलं नाव, लंडनच्या सभेत

१४ ऑक्टो., मंगळ

दोह्याच्या लाँड्रीतला आज बत्तिसावा दिवस. मस्कतला पंपावर एकवीस टिकलो होतो, शारजात गालिच्याच्या दुकानात त्याहून कमी. म्हणजे रेकॉर्ड.

अल थुमामाला इस्त्रीचे कपडे द्यायला गेलो तर मेधाताई दारातच रडवेल्या. ताई नाशिकच्या, इथे शाळेत गणित शिकवतात. नवरा ह्यूकाका, वेल्सचे, रास लफानला गॅस प्लँटवर. डिसेंबरात रिटायर. मग दोघं वेल्सला जाणार, कारण काकांची आई तिथे एकटी. वय एक्क्याण्णव. काकांचा तो देशच, त्यांना व्हिसा कशाला? ताईंचा अडकलाय. पाच महिने झाले.

कशावरून, ते ऐकून हसू आलं, कसंबसं दाबलं. चार वर्षांपूर्वी नाशिकला लग्न झालं. यांच्यात रीत अशी की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. काकांनी आपल्या आजीचं नाव लिहिलं, मैर. ताईंचे मामा इतके खूश की त्यांनी लग्नाच्या दाखल्यावरही तेच घालायला लावलं. पासपोर्टवर मेधा. आता व्हिसावाले विचारतात, ही मैर कोण?

"म्हणजे मीच माझी सवत झाले रे सल्या," ताई म्हणाल्या. मग त्यांनाच हसू फुटलं. दोन लाडू मिळाले. मला सलीम म्हणणारं इथे कुणी राहिलंच नाही.

१९ ऑक्टो.

नोटरीचं पत्र दोनदा पाठवून झालं, की मैर म्हणजेच मेधा. उत्तर नाही. म्हणून काकांनी आपल्या गावाकडच्या खासदारबाईंना ईमेल केला. त्यांच्या ऑफिसचं उत्तर एका दिवसात. म्हणे बाई फक्त आपल्या मतदारसंघात राहणाऱ्याचंच काम घेतात. तुम्ही राहता दोह्यात. माफ करा.

काका माझ्यासमोर मराठीत म्हणाले, "खलास." मराठी म्हणजे ताईंनी शिकवलेलं मराठी आणि वर गल्फचं मीठ.

मी म्हटलं, मतदारसंघात आई राहते ना?

दोघं माझ्याकडे बघत राहिले. आठवी पास माणसाकडे असं कुणी बघितलं की बरं वाटतं. परतताना त्याच खुशीत दोन सिग्नल पुढे गेलो. एका साहेबाचे शर्ट उशिरा पोचले, शिव्या खाल्ल्या.

२७ ऑक्टो.

काकांच्या आईचं पत्र गेलं. हाताने लिहिलेलं, चार पानं, सगळं वेल्श भाषेत. शेजारणीने फोटो काढून बाईंच्या ऑफिसला पाठवला, आम्हालाही. काकांनी वाचून दाखवलं. आधी वेल्श, मग इंग्लिश, मग जमेल तेवढं मराठी. दीड पान हवामान आणि गुडघे. मग सुनेचं. सून दर रविवारी व्हिडिओवर पोळ्या लाटते आणि मी बघते. मला ती पोळी खायची आहे. बघून पोट भरत नाही.

ताई उठून आत गेल्या. काका म्हणाले, "रडते. चांगलं रडते." बरोबर होतं. आतून नाक शिंकरल्याचा आणि डबा उघडल्याचा आवाज एकदमच आला.

४ नोव्हें.

आज माझ्यामुळे सगळं बुडालं असतं. लिहून ठेवतो.

बाईंच्या ऑफिसने पुरावा मागितला. तांदळाच्या ताटाचा फोटो आज संध्याकाळपर्यंत हवा. ताईंच्या बहिणीने नाशिकहून कुरियरने पाठवलेला तो मोठा फोटो सकाळी माझ्या हातात. ताट, तांदूळ, काकांचा जाडजूड हात, इंग्लिश अक्षरांत मैर. "सल्या, नीट स्कॅन करून पाठव. मोबाइलने काढू नकोस, चकाकतो." मी हो म्हटलं.

तेवढ्यात मालकाने मदिनत अश शमालला पाठवलं, एका हॉटेलच्या चादरी द्यायला. पार उत्तरेचं टोक. चादरी दिल्या. परत निघालो तर मच्छीमारांच्या लाकडी होड्या दिसल्या. आमच्या मुरुडच्या होड्यांपेक्षा नाक वेगळं, पण जाळं विणायची गाठ तीच! म्हातारा अरब विणत होता. मी खाली बसलो. त्याला माझी गाठ दाखवली, त्याने मला त्याची. चहा आला. दुसरा आला. सूर्य खाली गेला तेव्हा आठवलं. फोटो!

पळालो. गावात एकच झेरॉक्सचं दुकान उघडं, तेही शटर अर्धं खाली. आत रत्नागिरीचे दाऊदचाचा. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी अक्कल समुद्रात पडली काय?" पण शटर वर केलं. फोटो काचेवर ठेवताना चष्मा पुसून बघितला. "गोऱ्याने अक्षर बरं काढलंय हो." पैसे घेतले नाहीत. इंग्लंडात ऑफिस बंद व्हायच्या आत गेला. ताईंना खरं सांगितलं नाही. रात्रभर पचणार नाही, उद्या सांगेन.

५ नोव्हें.

सांगितलं. ताईंनी कान धरला, खरोखरचा. मग विचारलं, "गाठ कशी होती, दाखव."

१३ नोव्हें., गुरु

आज तिकडच्या पार्लमेंटच्या सभेत चर्चा, कुटुंबांच्या व्हिसावर. आमच्या खासदारबाई ताईंचं प्रकरण मांडणार. वेळ तिथली दुपार, इथे साडेचारनंतर. मी गाडी लावून वर. काकांची रात्रपाळी, ते नुकते उठून आंघोळीला. लॅपटॉप माझ्या ताब्यात. 'वेल्स पार्लमेंट' शोधलं, लगेच लागलं. एक माणूस वेल्शमध्ये बसच्या फेऱ्यांवर बोलत होता. ताई आणि मी भक्तिभावाने बघत बसलो. काका टॉवेल खांद्यावर घेऊन आले आणि उभे राहून ऐकायला लागले. चेहरा असा झाला की जणू गावच्या देवळात उभे आहेत. चांगली दहा मिनिटं. मग ओरडले, "अरे, हे कार्डिफ! आपली बाई लंडनला!"

वेल्सवाल्यांच्या सभा दोन. बस, शाळा, दवाखाने कार्डिफला. व्हिसा लंडनला. मला काय माहीत. काकांना माहीत होतं, पण त्यांचं ऐकणंच संपेना. ताई दोघांवर कडाडल्या.

लंडन लावलं. आमच्या बाई अजून बोलल्या नव्हत्या, नशीब. हिरवा स्वेटर, पांढरे केस. तिथे पद्धत अशी: एकाचं बोलून झालं की बोलायचं असेल त्याने उभं राहायचं. अध्यक्ष एकाचं नाव घेतात, बाकीचे खाली बसतात. पुन्हा पुढच्याला तेच. शाळेत मी उठाबशा काढल्या त्या शिक्षा म्हणून. इथे मोठी मोठी माणसं हौसेने काढतात. आमच्या बाईंच्या मी मोजल्या. अकरा झाल्या. ताई प्रत्येक वेळी बाईंबरोबर सोफ्यावरून अर्ध्या उठायच्या आणि बसायच्या. वेळ संपत आली होती. अध्यक्ष म्हणाले, आता प्रत्येकाला तीनच मिनिटं.

बाराव्या वेळेला नाव आलं.

ताई मला भराभर मराठीत सांगत होत्या, मला इंग्लिश निम्मंच कळतं. बाई म्हणाल्या, माझ्या मतदारसंघात एक आजी आहेत. त्यांना सुनेच्या हातची पोळी खायची आहे, बघून पोट भरत नाही. सगळे हसले. मग बाईंनी अख्ख्या पार्लमेंटला तांदळाच्या ताटाची रीत समजावून सांगितली. ताट, अंगठी, नवं नाव. "ताँडुल" म्हणाल्या. ताईंनी तोंडावर पदर धरला. बाईंनी आमचा फोटो वर केला आणि अध्यक्षांनी लगेच टोकलं, सभेत वस्तू दाखवायची नाही, खाली ठेवा. बाईंनी ठेवला. म्हणाल्या, ठेवते, पण मंत्र्यांनी तो बघावा एवढंच मागणं आहे. एक बायको, दोन नावं, आणि दोन्ही प्रेमाने दिलेली.

शेवटी मंत्री उठले. फोटो बघतो म्हणाले. प्रकरणही बघतो.

एवढंच? मी विचारलं.

"एवढंच. पण म्हणाले ना," काका म्हणाले. 

ताई रुसल्या. "माझं नाव घेतलंच नाही बाईंनी! नुसतं सून, सून."

काका म्हणाले, "घेतलं असतं तर कुठलं घेणार?"

त्यावर जे हसू सुटलं ते थांबेना. खालच्या मजल्यावरची केरळी मावशी विचारायला वर आली, काय झालं, पेपर आला का? नाही आला. ताईंनी तिलाही शिरा दिला.

२१ नोव्हें., शुक्र

उत्तर नाही. काकांनी चर्चेचं छापील पान काढलंय. जे जे बोललं ते सगळं लिहून ठेवतात म्हणे तिथे, शब्द न् शब्द. फ्रिजवर लावलंय. आईने शेजारणीकडून मोठ्या अक्षरात छापून घेतलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते.

शमालच्या त्या म्हाताऱ्याने विचारलं, होडीवर येतोस का? जाळी, मासे, पहाटेचं पाणी. दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर चप्पल घालून निघालो असतो. म्हटलं, इन्शाल्ला, एक काम बाकी आहे. माझं काम नाहीच ते. पण.

३ डिसें.

काकांचा रिटायरमेंटचा केक. विमानाचं तिकीट एकच काढलंय, काकांचं, वीस तारखेचं. दुसऱ्याची जागा ठेवलीय नुसती. ताई म्हणाल्या, "तुम्ही जा हो पुढे, आईंना गरज आहे." काका म्हणाले, "तू नाही तर मी पोळी लाटू? आई मरेल." बोलले हसत, पण केक दोघांनी खाल्ला नाही. मी खाल्ला.

९ डिसें.

व्हिसा सेंटरचा मेसेज. निर्णय झालाय, पाकीट घेऊन जा. काय निर्णय ते लिहिलेलं नाही.

१० डिसें., बुध, गाडीत बसून लिहितोय

सकाळी आठलाच व्हिसा सेंटरच्या दारात आम्ही तिघं. मालकाला सांगितलं, डिलिव्हरीला चाललोय. खोटं नाही, मागे चौदा कंदुरे, अरबांचे पांढरे झगे, हँगरला लटकतायत. ताई आत गेल्या, नऊला बाहेर आल्या. हातात पाकीट, चिकटवलेलं. काकांनी हात पुढे केला. ताई म्हणाल्या, "थांबा. आईंनी पत्र लिहिलं. त्यांच्यासमोरच उघडायचं, व्हिडिओवर."

आई तिथल्या आठला उठतात. म्हणजे आपले अकरा.

"दोन तास?" काका ओरडले. "मेधा, प्लीज."

"सात महिने थांबलात ना."

समोरच्या टपरीवरून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आणला. काकांनी पाकीट उन्हात धरून बघितलं. कागद जाड, काही दिसेना. ताईंनी काढून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि वरून पदर टाकला. काका म्हणतात पातळ वाटतंय. ताई म्हणतात जाड आहे. मला मध्ये घातलं, तू सांग. मी हातात घेऊन तोललं आणि परत दिलं.  

मालकाचा फोन आला, कापला. परत आला. वाजू दे.

ताईंनी केस नीट केले, फोन डॅशबोर्डला टेकवून उभा केला, आम्ही तिघं दिसतोय का ते बघितलं. काकांना म्हणाल्या, कॉलर. काकांनी कॉलर सारखी केली.

दहा बावन्न.