तिसऱ्या अंकात राजकन्येचं काय झालं?

ती. चंद्रकांतमामांस,

आश्लेषाचा सा. नमस्कार. गुडघा कसा आहे? वसुधामामीला माझी आठवण सांगा. (क्षेमकुशल संपलं, आता मुद्द्यावर येते.)

संगीत नाटकाच्या दुसऱ्या अंकानंतर दंडाला धरून बाहेर काढलेल्या तुमच्या सर्व भाचरांच्या वतीने हे लिहिते आहे. सांगलीला गोपीनाथमास्तरांचं नाटक आपण पाच वेळा पाहिलं. ऑर्गनचा पहिला सूर, राजकन्येचा खोट्या मोत्यांचा मुकुट, तुमच्या रुमालातले शेंगदाणे, सगळं आठवतं. पण प्रत्येक पदाला तुम्हीच 'वन्स मोअर' द्यायचात, नाटक लांबायचं, आणि राजकन्येला तळघरात कोंडलं की तुम्हाला गावाकडची शेवटची एसटी आठवायची. मी अठ्ठावन्न वर्षांची झाले, कपाटं भरून पुस्तकं वाचली. ती सुटली की नाही, हे अजून कळलेलं नाही.

आता इथे चंडीगडच्या मराठी मंडळात शंतनू (विद्यापीठात किड्यांवर संशोधन करतो) तेच नाटक बसवतोय. वही त्याने मास्तरांच्या नातीकडून मिळवली. मला वाचायला देत होता, मी घेतली नाही. शेवट रंगमंचावरच कळला पाहिजे, असं मंडळाच्या सभेत वीस मिनिटं ठणकावून सांगितलं. (टाळ्या पडल्या, पण तेव्हाच चहाही आला होता.)

रविवारी सेक्टर बावीसमध्ये तालमीला गेले. राजकन्या झाली आहे स्वराली, एअर फोर्समधल्या कुणालची मुलगी. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. तळघरातलं पद तिने असं गायलं की मी उभी राहून 'वन्स मोअर' दिला. ती बावरली आणि जरा बदलून गायली. मी पुन्हा दिला. तिने आणखी बदललं. चौथ्या खेपेला डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आंटी, प्लीज बता दो, गलती कहाँ हो रही है?" ही आपल्याकडची दाद असते, हे शंतनूने तिला समजावेपर्यंत हॉलची वेळ संपली आणि चौकीदाराने दिवे घालवले. तिसरा अंक राहिला.

मामा, तुमच्यावरचा आरोप मी मागे घेत नाही. फक्त पिंजऱ्यात जरा सरकून मला जागा द्या.

तुमची,
आश्लेषा

ता. क. प्रयोग चोवीस तारखेला आहे. दोन खुर्च्या धरल्या आहेत. पहिले दोन अंक मी तोंडावर रुमाल धरून बसेन.

आणखी ता. क. मामी फोनवर म्हणाली, तिसरा अंक तुम्हीही कधी पाहिलेला नाही. मग मला एवढी वर्षं 'मोठी झालीस की सांगेन' कशाच्या जोरावर म्हणत होता? ते राहू द्या. चंडीगडला या, आणि परतीचं तिकीट पंचवीस तारखेचं काढा.