बिनव्याजी बाई

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मी नांदेडला होते. निरोप पोचला तोवर तुमची माती होऊन गेली होती. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं, ते इतकी वर्षं. आता बोलावंसं वाटतंय, कारण ज्याचा धाक वाटावा असं या गावात मला कुणी उरलेलं नाही. सगळे मला मॅडम म्हणतात. मी खोलीत आले की उठून उभे राहतात. मी खोटं बोलले तरी उभेच राहतात.

तुम्हाला आठवीचा वर्ग आठवत असेल. चाचणीत सरळव्याजाची चार गणितं होती आणि मी ती चारही कोरी सोडली होती. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी उठून म्हणाले, "बाई, आमच्यात व्याज हराम हाय." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, संध्याकाळी घरी यायला सांगितलंत. रमजान चालू होता. तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी थापताय, कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची डबी, आणि मी उंबऱ्याशी वही घेऊन उभी. "बस," तुम्ही म्हणता. "हे बघ पोरी, व्याज घेऊ नगंस, देऊ नगंस. तुझ्या घरचं तुझ्या घरी. पर गणित सोडिव. जिला हिशेबच येत न्हाई, तिचं न्हाई म्हणणं कोण खरं धरंल?" मी तिथंच बसून चारही सोडवली. तुमचा आवाज कोरडा पडला होता, पण माझा रोजा म्हणून तुम्ही माझ्यासमोर पाण्याचा घोट घेतला नाहीत. अजान व्हायच्या आत मला घरी पिटाळलंत.

तुमच्या त्या बोलण्यावरच मी पुढं शिकत गेले. नांदेडला कॉमर्स केलं. तिथं आमच्या लोकांची एक बिनव्याजी पतसंस्था होती, तिच्यात नोकरी धरली. मग हैदराबादला जाऊन व्याजाशिवायचा पैशाचा व्यवहार कसा चालवायचा, त्याचा रीतसर अभ्यास केला. अब्बांचं सायकलीचं दुकान होतं, त्यांना यातलं काही कळायचं नाही, पण गिऱ्हाइकाला सांगायचे, "मेरी बेटी बगैर सूद की बँक चलाती." परत आले ती आपल्या गावात शाखा काढायलाच. दोन खोल्या, एक पंखा. दागिना ठेवायचा, जेवढं उचललं तेवढंच फेडायचं, कचेरीच्या खर्चापुरतं थोडं वर. वर्षभर फक्त आमच्या मोहल्ल्यातल्या बायका यायच्या.

मग एक दिवस महादेवाच्या देवळामागची एक बाई दारात येऊन उभी राहिली. तुमच्याच समाजाची, तरणी विधवा, पापड लाटून सासूला सांभाळणारी. पदराखाली बोरमाळ होती. आत न येताच विचारते, "तुमच्याकडं आमाला देतेत का?" मी म्हणाले, पैशाला कुठं जात असते, या आत. तिनं बोरमाळ ठेवून पापडाचं मशीन घेतलं, पैसे फेडले, बोरमाळ सोडवून नेली, आणि पुढच्या महिन्यात गल्लीतल्या अकरा जणींना घेऊन आली. बिनव्याजी बाई हे नाव मला तिनंच दिलं. नगराध्यक्षपद बायांसाठी राखीव झालं तेव्हा पक्षाचे लोक माझ्याकडं आले ते या नावामुळंच. उन्हातान्हात माझ्याबरोबर ती दारोदार फिरली. लोक म्हणायचे, मुसलमान बाई हाय. ती म्हणायची, "आसंल. पर व्याज घेत न्हाई. तुमच्यातला कोण सोडतो सांगा." तुमच्या गल्लीतून मला मतं पडली, बाई. मी निवडून आले.

दोन पावसाळे कोरडे गेले. नळाला अठरा दिवसांनी पाणी, तेही अर्धा तास. गावात मात्र जिल्ह्याचीच चर्चा. लातूरमधून नवा जिल्हा निघणार, आपलं गाव मुख्यालय होणार, मग पाण्याला काही कमी नाही. मीही मोर्चाच्या पुढं चालत होते. तळ्यापासून टाकीपर्यंत तातडीची पाइपलाइन मंजूर झाली होती, पण पालिकेनं आपला वाटा भरायचा होता आणि तिजोरी रिकामी. मुख्याधिकारी म्हणाले, "मॅडम, बँकेचं कर्ज काढू. सभेत विषय घ्या, महिन्याभरात पाणी देतो." व्याजाचं कर्ज. मी म्हणाले, बघू.

इथं थांबून तुम्हाला खरं सांगायला हवं. माझा धर्म आडवा आला नव्हता. मी आमच्या जुन्या मौलानांना जाऊन विचारलं होतं. ते म्हणाले, "बेटी, प्यास का मामला है. मजबूरी में इजाजत है. दस्तखत करो." पण पक्षाचे नेते म्हणाले, "मॅडम, जिल्हा जाहीर होऊन राहिला. पैसा वरून येतो. उगं व्याजाच्या कागदावर सही करून नाव कशाला घालवता? पुढं विधानसभा हाय." मी विषय घेतला नाही. पुढच्या सभेतही घेतला नाही. मोकळे हंडे घेऊन बायका पालिकेच्या दारात बसल्या. मी बाहेर जाऊन त्यांना सांगितलं, जिल्हा होऊ द्या.

गावाबाहेरच्या दगडी विहिरीच्या तळाशी वाटीवाटीनं पाणी साचायचं. बायका पायऱ्या उतरून ते भरायच्या. पापडवाली एका सकाळी तिथं गेली. खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, भरलेला हंडा डोक्यावर होता, पाय घसरला. फोन आला तेव्हा मी लातूरला जिल्ह्याच्याच बैठकीत होते. परत येईपर्यंत तिला वर काढून सावलीला निजवलं होतं. लुगडं भिजलेलं होतं. मी तिचा पदर सारखा केला, आणि त्याच आठवड्यात सभा बोलावून कर्जाचा ठराव केला. कुणी नाव ठेवलं नाही. व्याजाचं कुणी विचारलंसुद्धा नाही. ज्याला मी इतके दिवस भीत होते ते काही झालंच नाही, बाई. महिन्याभरात पाणी आलं. जिल्हा अजून झालेला नाही.

तिच्या सासूला भेटायला गेले तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. विचारलं, "माय, ह्यो नळ आधी येणार हुता म्हणत्यात. मग का न्हाई आला?" मी म्हणाले, "मुंबईहून कागद यायला उशीर झाला." तिनं मान हलवली. माझा हात हातात घेतला. म्हणाली, "तू हायस म्हणून आला तरी. दुसऱ्या कुणी आणला नसता." त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. नमाजला उभी राहते, दुआला हात उचलते आणि काय मागावं ते सुचत नाही. माफी मागायची तर ती आधी म्हातारीकडं मागायला हवी, इतकं मला कळतं. ती मला धरून राहिलीय. सून गेली, आता मीच तिची असं लोकांना सांगत फिरते.

परवा मला विधानसभेचं तिकीट मिळालं. उद्या बाजारतळावर पहिली सभा आहे. पक्षाच्या पोरांनी ठरवलंय, आधी म्हातारीनं बोलायचं, सुनेनं हिच्यासाठी कसा प्रचार केला ते सांगायचं. तिनं आनंदानं होकार दिलाय, धुतलेलं लुगडं काढून ठेवलंय म्हणे.

हे सगळं तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, कारण तुम्ही वाचणार नाही. तिचं घर इथून चालत पाच मिनिटांवर आहे आणि तिला वाचता येत नाही, म्हणजे जाऊन तोंडानंच सांगावं लागणार. हा कागद मी घडी घालून कपाटात ठेवतेय. आणि बाई, उद्या तिला आणायला गाडी पाठवा, हे पोरांना मीच सांगितलंय.