फुकट सल्ला न देण्याची फुकट नोकरी

चि. सौ. ठकूस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. (आशीर्वादांवर इथे अजून कुणी बंदी घातलेली नाही, म्हणून सढळ हाताने पाठवते आहे.) मी खुशाल. तुझी खुशाली कळव, विशेषतः गुडघ्याची. आपलं ठरलंय ते लक्षात आहे ना? पुढच्या महिन्यात तुझा गुडघा अचानक बिघडायचा, तू माझ्या चिरंजिवांना रडवेल्या आवाजात फोन करायचा, आणि त्यांनी मला तुझ्या सेवेसाठी मायदेशी जाणाऱ्या विमानात बसवून द्यायचं. मागच्या पत्रात तू लिहितेस की गुडघा आत्तापासूनच जरासा दुखतोय. अगं, तालीम ठीक आहे, पण एवढं अंगात भिनवून घेऊ नकोस. (तरी झोपताना तेल कोमट करून चोळ. हा सल्ला नाही, माहिती आहे. फरक पुढे कळेल.)

तर इथली हकीकत. सुनेच्या स्वयंपाकघरातले डबे मी नीट लावले, हा माझा पहिला गुन्हा. समोरच्या दारातल्या बाईंना तुमची कुंडी चुकीच्या जागी आहे म्हणून सांगितलं, हा दुसरा. (इथे शेजाऱ्याचं घर जळत असलं तरी आधी वेळ ठरवून मग सांगायचं असतं.) त्याच संध्याकाळी सूनबाईंना समाजसेवेचं महत्त्व पटलं; अर्थात माझ्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांजवळ जाऊन बसायला स्वयंसेवक हवे आहेत, आई, आणि तुम्हाला तर माणसांची केवढी आवड! पगार नाही, चहा आपापला. मला घराबाहेर काढून परोपकार झाला तो या घरावर. मी म्हटलं, जाऊ दे, गुडघा बिघडेपर्यंत वेळ तरी जाईल.

आधी शिक्षण. एका हॉलमध्ये गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि मधे एक सतत हसणारी बाई. (वाईट बातमीसुद्धा ती हसूनच देते, हे मला पुढे अनुभवाने कळलं.) तिने सांगितलं, स्वयंसेवकाने फक्त ऐकून घ्यायचं. वय विचारायचं नाही, मुलं भेटायला का येत नाहीत ते विचारायचं नाही, औषध सुचवायचं नाही, आणि सल्ला तर चुकूनही द्यायचा नाही. समोरचा काहीही बोलला तरी मान हलवून म्हणायचं, "तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे." ठके, आपल्या घराण्यात हे वाक्य कुणाच्या तोंडून निघेल का? आपल्या आत्याबाई दवाखान्यात पडल्यापडल्या डॉक्टरांना पथ्य सांगत होत्या! सरावासाठी माझ्यासमोर एक निवृत्त पोस्टमन बसवले. तेही माझ्यासारखेच शिकाऊ. ते म्हणाले, पाठ दुखते. माझ्या जिभेवर शेक, लेप आणि उशी सगळं येऊन उभं राहिलं. पण गिळलं, आणि म्हटलं, साहजिक आहे. हसरी बाई खूश. पोस्टमनची पाठ होती तशीच.

मग मला माझे आजोबा मिळाले. निवृत्त लिफ्ट-दुरुस्तीवाले. खरं नाव बाहेर सांगायला मनाई आहे, म्हणून मी त्यांना दुर्वास म्हणते, आणि ते नाव त्यांना जास्त शोभतं. खुर्ची खिडकीकडे पाठ करून, टीव्ही चालू पण आवाज बंद, आणि पायात तळ गुळगुळीत झालेल्या सपाता. त्या सपातांपायी एकदा पडून कंबर मोडून घेतलेली. मी ऐकून घ्यायला गेलेली, पण समोरचा बोलेल तर शपथ! दोनदा मी नुसती बसून आले. तिसऱ्या खेपेला ते उठले, घसरले, टेबल धरलं म्हणून वाचले, आणि माझा बांध फुटला. खुर्ची, उजेड, डब्यातल्या सूपचं मीठ आणि जीवघेण्या सपाता, सगळं एका दमात बोलून टाकलं. दुर्वास गरजले, माझं घर, माझी खुर्ची, तुम्ही कोण? मी म्हटलं, स्वयंसेवक. हे आमचं पहिलं संभाषण.

पुढच्या वेळी खुर्ची खिडकीशी. तुम्ही उशिरा येता का ते बघायला हलवली, म्हणे. मग काय, सूपवरून भांडलो, पंख्यावरून भांडलो, फार मजेत गेले बघ दिवस. सपातांवर मात्र ते अडून बसले, म्हणून एक दिवस मी त्या उचलून सरळ केराच्या डब्यात घातल्या. आणि नेमकी तेव्हाच हसरी बाई पाहणीला! माझ्या हातात डब्याचं झाकण, दुर्वास अनवाणी उभे राहून ओरडताहेत. तिने हसतहसत मला विश्रांती घ्यायला सांगितलं.

घरात शोककळा पसरली. (सूनबाईंनी डब्यांकडे धावत जाऊन पाहिलं.) खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. या देशात माझ्याशी भांडणारं ते एकच माणूस होतं ग. घरात सगळे माझ्याशी फार नीट बोलतात.

माझ्या जागी ते पोस्टमन गेले. दुर्वास म्हणाले, पाय गार पडतात. साहजिक आहे. सूप खारट आहे. साहजिक आहे. शेवटी दुर्वासांनी हसऱ्या बाईला फोन केला, की हा माणूस आहे का भिंत? ती भांडखोर बाई परत पाठवा! बाईने मला बोलावून सांगितलं की नियम तो नियमच, पण एवढ्या एका घरापुरतं काणाडोळा करू. मी मान हलवून म्हटलं, तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे.

काल मी गेले. त्यांच्या पायात नव्या सपाता! चावतात म्हणाले. मी म्हटलं, मोजे घाला. नाही म्हणाले. सगळं पूर्ववत झालं.

यजमानांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
(आता कुणालाही सल्ला न देणारी) ताई

ता. क. गुडघा ताबडतोब बरा कर. चिरंजिवांना फोन केलास तर गाठ माझ्याशी आहे.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. शाळेच्या नाटकात तुला झाडाचं कामसुद्धा जमलं नव्हतं, मग हे दुखण्याचं सोंग तुला कुठलं जमायला? खरंच दुखतोय का ग? तसं असेल तर स्पष्ट लिही, मी निघते. दुर्वासांना आज विचारलं, जाऊ का म्हणून. खिडकीबाहेर बघत म्हणाले, बहिणीकडे जायलाच हवं. मी पर्स उचलून दारापर्यंत गेले तेव्हा मागून ओरडले, की जुन्या सपाता त्यांनी केरातून काढून पलंगाखाली ठेवल्या आहेत, आणि मी गेले की त्याच घालणार आहेत. आता काय करू, ते तूच सांग. माहिती नको, सल्ला पाठव.