न उचललेला पेला

हेब्रॉन, शनिवार

वजीहकाका,

परवा समोरच्या घराण्यातले वडीलधारे नगरपालिकेसाठी आपली मतं मागायला आले. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणे कॉफीला हात लावत नाहीत, आणि यजमानाने 'घ्या' म्हटलं की मागणं मान्य झालं, हे मला ठाऊक होतं. पण बाबा गेल्यापासून घरात माणसं आली नव्हती, तोंडातून निघून गेलं, "घ्या ना, निवतेय." सगळ्यांनी एकदम पेले उचलले. तुमचा मुलगा मोतसिम त्याच निवडणुकीत उभा असताना, बाबांच्या जागी आलेला मी आपल्या घराण्याची तीनशे मतं देऊन बसलो.

मोतसिम ओरडला, "तू आमचा नाहीस!" घराण्याने तसं जाहीर केलं, तर मला कोणी मारलं तरी जाब विचारणारं कुणी उरणार नाही.

आत्ता तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला आहात. आई कॉफी देऊन आली नि कुजबुजली, "पेल्याला हात नाही लावला रे त्यांनी."

काय मागायला आलात, काका?

अजून तरी तुमचाच,
निझाम