तीळ फक्त कडेला

९ मार्च, धुळे
आणि पुन्हा शोधयंत्रात तिचं नाव टाकलं. माहेरचं आडनाव, मग तिच्या नवऱ्याचं. मराठीत, इंग्रजीत. शैला पुष्कळ सापडतात. एक दंतवैद्य, एक निवृत्त शिक्षिका, मतदारयादीत तर रांगच. आमची धाकटी नाही.
आई कॉटवरून, "सापडनी का व ती, तुना मशीनमा?"
"नाही."
"मंग बंद कर. लाईट जळस."
डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नको, मागतील ते द्या. ती शैला मागते.

११ मार्च
कॉलेजच्या लायब्ररीत प्रथम वर्षाचा तास. विषय: शोधयंत्र आणि सोशल मीडियावरचा शोध, तुलना. फळ्यावर लिहिलं, यंत्राला विचारलं की पानं मिळतात, माणसांना विचारलं की उत्तर.
पिंपळनेरची एक मुलगी उठली. "मॅडम, पण ग्रुपवर आधी विचारतात, तुला कशाला पाहिजे?"
वर्ग हसला. मीही. ते 'मर्यादा' या सदरात लिहिलं. यंत्र 'कशाला' विचारत नाही. हे चांगलं की वाईट, ते सांगण्याआधी घंटा झाली.

१४ मार्च
चार वर्षांपूर्वी भाऊने माणसांनाच विचारलं होतं. जळगाव स्टँड, भुसावळ, तिच्या नवऱ्याचे मित्र, तिच्या मैत्रिणी. नाव घेऊन, फोटो दाखवून. सगळे गप्प राहिले. तिने जातीबाहेर लग्न केलं हे बठ्ठ्यांना, सगळ्यांनाच माहीत, कुठे राहते ते कुणालाच नाही. परत येऊन ओट्यावर बसला. "सापडू दे. दोघांना उभं ठेवणार नाही." आवाज न चढवता म्हणाला. म्हणून खरं वाटलं.
तेव्हा आता ग्रुपवर तिचं नाव टाकायचं नाही. फोटो नाही.
नाव न घेता माणूस कसा विचारायचा.

१७ मार्च
आईच्या दातांत तीळ अडकत. म्हणून शैला बिबडे, ज्वारीचे पापड, घालताना तीळ फक्त कडेला लावी, मधला भाग मोकळा. आई मधलं खायची, आम्ही कड. असे बिबडे दुसरीकडे पाहिले नाहीत.
यंत्राला विचारलं. कृतीच कृती. सगळ्यांत शेवटी 'वरून तीळ भुरभुरा'.
मग खान्देशी पदार्थांच्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं: ज्वारीचे बिबडे, तीळ फक्त कडेने. कुणी करून देतं का? जळगावकडचं असलं तरी चालेल.
स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. थोडा वेळ.

१८ मार्च
उत्तरं. 'असे कोण करतं बाई?' 'तिळाची एवढी काटकसर!' 'ताई, दात पडले का?'
दुपारी एकीचं: 'रावेरला एक ताई करतात. केळीच्या पॅकिंगला जातात, त्याआधी घरी बिबडे. तीळ कडेलाच. का विचारलं तर नुसत्या हसतात. स्टँडमागे, पिठाच्या गिरणीजवळ, कुणीही सांगेल.' सोबत फोटो. ओलं फडकं, बिबडे, एक हात. मनगटावर इस्त्रीचा डाग, शैलाचा, दहावीतला.
तिथे तीळ अडकणारे दात कुणाचे आहेत? कुणाचेच नसणार.
आईच्या कानात सांगितलं. तिने विचारलं, "मधला भाग मोकळा शे ना?"
"शे."
भिंतीकडे वळली.
रविवारी एकटीने जायचं. मधे परीक्षा, रजा नाही.

१९ मार्च
वहिनी पोळ्या लाटताना, "अक्का, बिबड्यांचं तुम्हीच विचारलं ना? मी पण आहे त्या ग्रुपात."
मी तव्यावरची पोळी उलटली.
"यांनी पाहिला फोटो, माझ्या मोबाइलवर. मोठा करकरून बघत होते." लाटणं थांबलं. "मी दाखवला नाही हो. देवाशपथ."
पोस्ट पुसली. रावेरच्या बाईला लिहिलं, कृपा करून फोटो काढून टाका. उत्तर: 'अहो, उलट जाहिरात झाली की त्यांची! मी अजून तीन ग्रुपात टाकला 🙏'
त्यांचा नंबर द्या. 'त्या फोन ठेवत नाहीत.'
मग त्यांना निरोप सांगाल? आजच?
'सांगते की. पण कशाला?'
कशाला. लिहिलं. खोडलं. खरं लिहावं तर तेही तीन ग्रुपात. शेवटी एवढंच: अक्काने सांगितलंय, थोडे दिवस दुसरीकडे राहा. त्या बाईंनी वाचल्याची खूण दिसते. उत्तर नाही.
संध्याकाळी भाऊ आईजवळ बसला होता. दोघं काय बोलली, ऐकू आलं नाही. जेवताना मला, "बिबडे शोधतेस म्हणे."
"हो."
"आणू." भाजी वाढून घेतली.
त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काही मिळालं नाही.

२० मार्च
सकाळी भाऊची मोटारसायकल ओट्यापाशी नव्हती. वहिनी म्हणाली, चहा न घेता गेले, मोठा डबा नेला, रिकामा. रावेर गाठायला मी जळगावच्या एसटीत बसले.