परत आलेलं पाकीट

मंगळवार, ९ जानेवारी
दुपार

प्रिय ठकू,

धाकट्या बहिणीला पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. माझा हात धजला नाही, म्हणून नुसतंच प्रिय. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऐकतात. सूनबाईला आज सुट्टी आहे, ती पलीकडच्या खोलीतलं सामान हलवतेय, आणि मी खिडकीशी मांडीवर पुठ्ठा घेऊन बसलोय.

तुमच्या नर्सबाई परवा येऊन गेल्या. सरकारने म्हणे ठरवलंय, की मनोरुग्णालयांतले मोठे वॉर्ड बंद करायचे. ज्यांना बरं वाटतंय त्यांनी चार माणसांत, वस्तीत राहायचं आणि गोळ्या जवळच्या दवाखान्यातून घ्यायच्या. तुझा वॉर्ड महिनाअखेरीला रिकामा होणार. मग एकतर बाजारामागच्या त्या घरात तिघीजणींबरोबर, नाहीतर माझ्याकडे. तू मात्र त्यांना सांगितलंस, आधी दादाला एक विचारा, मग कुठे राहायचं ते ठरवीन. त्या प्रश्नाकडे येतोच.

बाईंनी तुझ्यासाठीची खोली पाहिली. गादी दाबली, उजेड पाहिला आणि दाराशी बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मजबूत आहे हो दार, चोर येणार नाही."

"चोराचं नाही आजोबा. बाहेरून कडी आहे. ती काढायची. आतली राहू द्या, ती ठकूमावशींच्या हातात."

सूनबाईने तिथल्या तिथे पेचकस आणला आणि बाहेरची कडी उतरवली. आता दारावर चार भोकं तेवढी दिसतात.

मी बाईंना म्हटलं, ठकू आली की संध्याकाळी आम्ही दोघं शाळेतल्या कविता म्हणू. सूनबाई म्हणाली, "म्हणा हो बाबा. पण सकाळच्या गोळ्या कोण देणार ते आधी बोला. माझी बस साडेसातची."

"मी देईन."

"स्वतःच्या विसरता, आणि आत्यांना देणार!"

तिचं बोलणं असं असतं, पण काल तुझ्या गोळ्यांच्या डबीवर वारांची नावं तिनेच चिकटवली.

आठवतं का गं, आपल्या शाळेचा तो लांब वर्ग? कविता म्हणताना मी हटकून तिसऱ्या कडव्याला अडायचो. तू तीन इयत्ता मागे, पण खिडकीबाहेर उभी राहून ओठ हलवायचीस. गुरुजींना वाटायचं, पोरगा अर्थ मनात घोळवत म्हणतोय. ओळ तुझी, शाबासकी माझी. त्या खिडकीतून ऊन कसं तिरपं यायचं, खडूची धूळ त्यात कशी तरंगायची...

बघ, भरकटलो. भरकटायचंच होतं मला.

तू विचारलंयस, सोळा वर्षांपूर्वी रुग्णालयाने घरी पाठवलेलं पाकीट परत कोणी केलं.

मी केलं, ठकू.

त्याआधी दोन पत्रं आली होती. दोन्ही वाचली होती. पेशंटची तब्येत सुधारली आहे, घरी घेऊन जावे, असं होतं त्यांत. तिसरं, मी तेव्हा नोकरीला होतो त्या पोस्टात, माझ्याच टेबलावर आलं, आपल्या गल्लीच्या कप्प्यात. मी लाल शाई घेतली आणि पाकिटावर लिहिलं, 'घेणारा या पत्त्यावर राहत नाही. परत.' शिक्का मारला. जेवायच्या सुट्टीआधी ते परतीच्या थैलीत पडलंसुद्धा. त्या दिवशी मी डबाही खाल्ला.

मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांना मी सांगून बसलो होतो की मला बहीण नाही. पुढे तुला ओळखणाऱ्यांपैकी कधी कोणी विचारलंच, तर तुझ्या वहिनीचा विरोध होता असं सांगायचो. ती जाऊन सहा वर्षं झाली, आता कुठे उलटून बोलणार आहे? खरं म्हणजे तिने दुसरं पत्र वाचून म्हटलं होतं, "आणा त्यांना. लोकांचं मी बघते." घाबरलो मी. लग्न झाल्यावर आणीन म्हटलं, मग निवृत्त झाल्यावर, आणि मग कोणत्या तोंडाने येऊ, असं झालं. तुला जी वर्षं घरात काढता आली असती, ती तू एका लोखंडी कॉटवर काढलीस.

निघताना नर्सबाई हळूच म्हणाल्या, "मावशींनी फायलीतलं ते पाकीट बघितलं आणि म्हणाल्या, हे अक्षर दादाचं." म्हणजे तुला ठाऊक होतं. तरी मला विचारलंस. मी खोटं बोललो असतो तर तू बाजारामागच्या घरात गेली असतीस, हे मला कळतं. खरं बोललो म्हणून तू इकडेच यावंस, असंही काही नाही. फॉर्मवर माझी संमतीची सही केली आहे. त्याखाली 'रुग्णाची इच्छा' असा रकाना आहे. बाई म्हणाल्या, तो पुष्कळदा घरचेच भरून टाकतात. मी कोरा ठेवलाय.

सकाळी मुलीला फोन करून सांगितलं, तुला एक आत्या आहे. तिने एवढंच विचारलं, "त्या आता किती वर्षांच्या आहेत?"

मला बोटांवर मोजावं लागलं, आणि तरी चुकलो असेन.

तू अजून म्हणणार असशील, तर
तुझा
दादा