खानाच्या न्हाणीघरात अनवाणी

१४ एप्रिल, नोव्हाय (अमेरिका)

व्हेसेलाची मेल. इतक्या वर्षांनी! बल्गेरियाच्या जुन्या राजधानीत, प्लिस्काला, उत्खननाच्या ट्रेंचवर ती माझी सुपरवायझर होती. आता सगळं उत्खनन तीच बघते, यंदा रिटायर होतेय. जुलैत तिचा शेवटचा सीझन. मग तिथल्या राजवाड्याची पूर्वेकडची बाजू वाळू-मातीने पुन्हा बुजवणार, उघड्यावर फरशा फुटतायत म्हणून. "झाकायच्या आधी एकदा ये."

ऑफिसात एक्सेल उघडं, मी मनाने तिकडच्या सूर्यफुलांच्या शेतात.

१५ एप्रिल

पण जुलैत आई येतेय. नाशिकहून, जेमतेम महिनाभर. तिकीटसुद्धा काढून झालंय. शिरीष म्हणे, "जा ना यार, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. मी घेतो रजा." बोलायला नवऱ्याचं काय जातं.

१९ एप्रिल

जुने फोटो काढून बसले. पुण्यात पुरातत्त्व शिकत होते, एक्स्चेंजवर तिकडे गेले. चोविशीची असेन. नवव्या शतकातल्या खानाचा, म्हणजे तिथल्या राजाचा राजवाडा, पांढऱ्या दगडाचे एवढाले ठोकळे. कोपऱ्यातल्या खोलीला अर्धगोल भिंत निघाली, सगळे म्हणाले चॅपेल. झालं! मी बूट कडेला काढले आणि अनवाणी उतरले. देवाच्या घरात बूट घालून कसं जायचं? पाय आपोआप बाहेर आले. आधी सगळे हसले, मग एकेकाने आपलेही काढले. गुलाबी चुन्याच्या फरशीवर सीझनभर ब्रश मारत अनवाणी. मी तर उतरताना गुपचूप हातही जोडायची.

शेवटी फरशीखाली विटांचे बुटके खांब निघाले, काजळी धरलेले. खोली तापवायची सोय. म्हणजे खानाचं न्हाणीघर. व्हेसेला हसून हसून मातीच्या ढिगावर बसली.

त्या उन्हाळ्याइतकी सुखी मी पुन्हा झाले का, माहीत नाही. हे पान शिरीषला दाखवणार नाही.

३ मे

इरा कॉलेजातून घरी आलीय. तिला सांगितलं. "वेट, आई, यू वर्शिप्ड अ बाथरूम?" पोट धरून हसली. मग म्हणाली, "यू शुड गो. आजीला मी बघेन, आय प्रॉमिस."

१० मे

आईला व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं. मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी फरशी हजार वर्षं थांबली. माझं काही सांगता येत नाही, बाई."

रागाने नाही, सहज. तेच जास्त लागलं. ही शेवटची खेप असं ती आधीपासूनच म्हणतेय, गुडघे साथ देत नाहीत. व्हे.ला कळवलं, जमत नाही.

१२ मे

व्हे.चं उत्तर. समजू शकते म्हणाली. खाली एक ओळ: त्या खोलीत अजूनही सगळे बूट काढूनच उतरतात. नव्या मुलांना कारण ठाऊक नाही, विचारलं तर म्हणतात, इथली पद्धत आहे.

पार्किंगमध्ये गाडीतच रडले. तिथे मला ओळखणारी एकटी व्हेसेला उरलीय, आणि माझी सवय मात्र तिथे मजेत नांदतेय. कुणाला सांगू हे?

२२ जुलै

आई आलीय, रुळलीय. पॅटिओवर रोज खारींना दाणे.

सकाळी व्हे.चा ट्रेंचमधून कॉल. वाळू टाकायला सुरुवात झाली. मोठं दालन झाकलं गेलं. न्हाणीघर मुद्दाम शेवटी ठेवलंय, शनिवारपर्यंत. तिचा आवाज म्हातारा झालाय. फोन फिरवून तिने ती अर्धगोल भिंत दाखवली.

आई शेजारी चहा घेत बसली होती. स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "एवढीशीच खोली?"

"एवढीशीच."

कॉल संपला तरी ती माझ्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "जा. इरा आहे, जावईबापू आहेत. मी कुठे पळून जातेय?"

बोलताना तिने माझं मनगट धरलं होतं. बोलून झाल्यावरही कितीतरी वेळ सोडलं नाही. हात गार होता तिचा.

शिरीषने उद्याची फ्लाइट शोधून ठेवलीय. बुक करू का, दोनदा विचारून गेला. माझं अजून ठरत नाही.